ह्यात गहू हाय का?

वाईहून सांगलीला गाडीनं जायला तीन तास लागतात. चहाला थांबलात तर साडेतीन. आम्हाला दीड दिवस लागला, आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही कॉफीच्या दुकानांत काढला. सांगली पाहिलेली नाही असं आमच्याकडे कुणी नाही, त्यामुळे या प्रवासाचं वर्णन लिहितेय म्हटल्यावर घरात सगळे हसले. पण ज्या वाटेनं मी गेले त्या वाटेनं अजून कुणी गेलेलं नाही, म्हणून लिहितेच.

आम्ही म्हणजे मी आणि माझ्या विहीणबाई. माझी एकुलती एक लेक गौरी सांगलीला असते. तिला सातवा महिना लागला होता आणि रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. तिच्या सासूबाई हौसाताई वडूजजवळच्या एका गावात राहतात. घरची कोरडवाहू शेती, यजमान फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सुभेदार आणि बाकीची मंडळी रविवारी सकाळी परस्पर येणार होती. आदल्या आठवड्यात मी फोनवर रीतीप्रमाणे म्हटलं, मी शुक्रवारीच गाडी घेऊन निघतेय, तुम्हीही चला ना माझ्याबरोबर. असं आमंत्रण आमच्यात नाकारण्यासाठीच दिलेलं असतं. हौसाताई म्हणाल्या, "येती की. कवा निघायचं?"

फोन ठेवल्यावर मी धास्तावले. शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झाल्यावर मी एक जुनी छोटी गाडी घेतली आणि एकोणसाठाव्या वर्षी ती चालवायला शिकले, त्यामुळे रस्त्याची भीती नव्हती. भीती होती ती विहीणबाईंची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमचा संबंध साडी-नारळापलीकडे गेलेला नव्हता. मी मुलीची आई, त्या मुलाची आई. त्यांनी वाढलेल्या कशालाही मी कधी नको म्हटलेलं नव्हतं. आणि खरी अडचण तिथंच होती, कारण दोन वर्षांपासून मला गहू चालत नाही.

हे काही मोठं दुखणं नाही. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, बोटांचे सांधे ठणकायचे आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की सेलियाक हा आतड्याचा आजार नाही, पण ग्लूटेन, म्हणजे गव्हातला चिकट भाग, तुम्हाला सोसत नाही. गहू, रवा, मैदा आणि जव बंद करा. घरात ते महिनाभरात अंगवळणी पडलं. भात होता, ज्वारी-बाजरी होती. मला चटका लागला तो वेगळ्याच गोष्टीचा.

मला कॉफीची दुकानं फार आवडतात. तीस वर्षं कार्यालयात अर्धा कप उकळलेला चहा पिऊन काढल्यावर मला निवृत्तीनंतर एकदा मैत्रिणीनं साताऱ्यात अशा दुकानात नेलं. काचेजवळची खुर्ची, हातात उंच कप, समोर रस्ता आणि कुणालाही आपल्याकडून काहीही नको असलेलं. मी दर पंधरा दिवसांनी वाईहून तेवढ्यासाठी जायला लागले. गहू सोडल्यावरही गेले, फक्त एक कोल्ड कॉफी प्याले, आणि दोन दिवस अंथरुणात होते. कॉफीत गहू कुठून आला हे मी कुणालाच विचारलं नाही. रांगेत मागं चार माणसं उभी असताना, ह्यात काय काय घालता हो, असं विचारायची मला लाज वाटली. त्यापेक्षा ते दारच मी स्वतःला बंद करून टाकलं.

व्याह्यांकडे यातलं काही सांगितलं नव्हतं. गौरीला माहीत होतं, पण मीच तिला सासरी बोलू नको म्हटलं होतं. मुलीच्या आईचे जेवणाचे नखरे आहेत, असं कुणी म्हणायला नको. गेल्या पाडव्याला हौसाताईंनी स्वतः बसून मला तुपात भिजवून तीन पुरणपोळ्या वाढल्या. मी तिन्ही हसत खाल्ल्या आणि वाईला येऊन तीन दिवस निजून राहिले.

सातारा, शुक्रवार

हौसाताई सातारा स्टँडबाहेर उभ्या होत्या. नऊवारी इरकली, कपाळाला ठसठशीत कुंकू, दोन हातांत दोन कापडी पिशव्या आणि पायात पांढरे खेळाचे बूट. बूट सुभेदारांनी फौजेच्या कॅन्टीनमधून आणले होते. त्या पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा सराईतपणे ओढून लावला, एक पिशवी मागं टाकली आणि दुसरी पायाशी घट्ट धरून ठेवली. मग म्हणाल्या की आधी आपण काचेच्या हाटेलात कॉफी पिऊ. गौरीनं त्यांना मोबाईलवर फेसावर पान काढलेल्या कॉफीचा फोटो दाखवला होता. तेव्हापासून त्यांना जायचं होतं, पण सुभेदारांचं म्हणणं असं की चहा प्यायला दार ढकलून आत जायची गरज काय.

दोन वर्षांनी मी ते दार ढकललं. भाजलेल्या कॉफीचा वास आला आणि माझे पाय तिथंच थांबले. हौसाताई मात्र थेट काउंटरपाशी गेल्या आणि भिंतीवरच्या फोटोंकडे बोट दाखवून त्यांनी दोन सगळ्यात उंच कोल्ड कॉफ्या मागवल्या, वर साय आणि बिस्किटाचा चुरा असलेल्या. शिवाय दोन ब्राउनी, म्हणजे चॉकलेटचे केक. मी साधी कॉफी चालेल असं पुटपुटले. त्या म्हणाल्या, लाजू नका. काउंटरवरचे चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ माझ्याकडे बघत होते. विचारायची वेळ हीच होती. माझ्यामागं कॉलेजच्या दोन मुली येऊन उभ्या राहिल्या आणि मी गप्प बसले.

बिस्किटाचा चुरा मी चमच्यानं कडेला सारला आणि तेवढ्यानं काम झालं असं समजून कॉफी प्याले. काय सांगू. गार, कडू, गोड, तिन्ही एकदम. पहिल्या घोटाला माझे डोळे मिटले. ब्राउनीचं मात्र काही करता येईना. हौसाताई बाहेर रस्त्याकडे बघायला लागल्या की मी एक तुकडा कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायचे. माझी बशी रिकामी दिसली की त्या आपल्यातला अर्धा तुकडा उचलून प्रेमानं माझ्या बशीत ठेवायच्या. असं तीनदा झालं. निघताना माझी पर्स फुगली होती आणि हौसाताई माझ्या खाण्यावर खूश होत्या.

उंब्रजच्या अलीकडे

फेब्रुवारीचा शेवट होता. उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून कारखान्याकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्या मागं मागं आम्ही. तासाभरानं माझ्या पोटात पहिली कळ आली. मग डोक्यात कापूस भरायला लागला. समोरची ट्रॉली जवळ आहे की लांब ते नीट कळेना तेव्हा मी गाडी कडेला चिंचेखाली घेतली आणि दार उघडून खाली वाकून बसले.

हौसाताईंना वाटलं रक्तदाब. गोळी कुठं ठेवता, असं विचारत त्यांनी माझी पर्स उघडली. आतून कागदी रुमालाच्या चार पुरचुंड्या निघाल्या. त्यांनी एक सोडली. ब्राउनीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. गहू, डॉक्टर, दोन वर्षं, आणि पोट दुखत असताना माणूस जरा जास्तच खरं बोलतो म्हणून पाडव्याच्या पुरणपोळ्यासुद्धा.

पुरचुंडी तशीच ठेवून त्या उठल्या आणि समोरच्या दगडावर जाऊन बसल्या. रागावल्यात हे दिसत होतं, पण कशावर ते मला कळत नव्हतं.

"विहीणबाई, तुमी मला पापात घातलं," त्या म्हणाल्या. "म्या माज्या हातानं वाढत गेले आन तुमी हासून खात गेला. मला म्हाईत असतं तर म्या वाढलं असतं व्हय?"

तीन दिवस निजून राहिले ते मी माझं सोसणं म्हणून मनात जपून ठेवलं होतं. त्यात समोरच्या माणसाला आपण फसवलंय, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, चुकलं माझं.

मग त्या उठल्या, गाडीतून पायाशी धरून ठेवलेली ती पिशवी आणली आणि माझ्याकडे न बघता सोडली. आत धुवट फडक्यात सहा ज्वारीच्या भाकरी होत्या, कारळ्याची चटणी, कांदा आणि दह्याची बरणी. नव्या ज्वारीच्या, पहाटे उठून थापलेल्या. वाटेत खायला म्हणून त्यांनी आणल्या होत्या, पण वाईची शिकलेली विहीण गाडी चालवणार आणि आपण तिच्यापुढं फडकं सोडणार, याची त्यांना लाज वाटली. हौस तर होतीच, पण म्हणून आधी काचेचं हाटेल आणि म्हणून तो केक.

"त्यो केक मला बी आवडला न्हाई," त्या म्हणाल्या. "मातीगत लागला. तुमी एवढ्या चवीनं खाताय बगून म्या गिळला."

मला हसू आलं आणि हसल्यावर पोटात आणखी कळ आली. मी पोट धरून हसत होते, कण्हतही होते, आणि ते बघून त्याही हसायला लागल्या. एका ट्रॉलीवाल्यानं वेग कमी करून, काही मदत पाहिजे का, असं विचारलं. हौसाताईंनी त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

कराड

त्या दिवशी सांगली गाठणं शक्य नव्हतं. मी हळूहळू कराडपर्यंत गाडी आणली आणि आम्ही एका लॉजवर खोली घेतली. गौरीला फोन करून खरं काय ते सांगितलं. तिला माझ्या पोटापेक्षा आम्ही दोघी एका खोलीत राहणार याचीच काळजी जास्त वाटली.

संध्याकाळी बरं वाटायला लागलं तेव्हा आम्ही संगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भेटतात, एकमेकींच्या अगदी तोंडावर. घाटाच्या पायरीवर बसून मी अर्धी भाकरी दह्यात कुस्करून खाल्ली. हौसाताई माझ्याकडून ग्लूटेन हा शब्द घोकून घेत होत्या. पहिल्यांदा गुलटन झालं, मग गुलकंद, आणि शेवटी त्यांनी ठरवलं की आपण सरळ गहू म्हणायचं. त्यांचं एकच चाललं होतं, बिस्किटं तर तुम्ही काढून टाकली होती, मग बाधलं काय? मी म्हटलं, ते शोधायचं नाही मला, माझी दुकानातली कॉफी संपली. त्यांना ते पटलं नाही. एक हीर आटली म्हणून पाणी प्यायचं सोडतं का कुणी, असं त्या म्हणाल्या. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या बाईनं हे म्हटल्यावर कृष्णाकाठच्या वाईच्या बाईनं काय बोलावं.

शनिवारी सकाळी त्या माझ्याआधी तयार होऊन बसल्या होत्या. इंजिनिअरिंग कॉलेजच्या बाजूला वैशाली नावाच्या बाईंचं छोटं दुकान आहे. चाळिशीच्या, त्याच कॉलेजात शिकलेल्या, आणि नोकरी सोडून कॉफीत पडलेल्या. आम्ही त्यांचं त्या दिवसाचं पहिलंच गिऱ्हाईक होतो. मी पिशवीचे बंद उगाच सारखे करत राहिले. हौसाताई पुढं झाल्या आणि साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई, ह्यात गहू हाय का?"

वैशालीबाई म्हणाल्या, नाही हो, कॉफीत कुठला गहू.

"दावा," हौसाताई म्हणाल्या.

वैशालीबाईंना त्याची गंमत वाटली. त्यांनी काउंटरची फळी वर करून आम्हाला आत घेतलं. मी जन्मात पहिल्यांदा कॉफीच्या दुकानाच्या त्या बाजूला उभी राहिले. हौसाताईंनी कॉफीच्या बिया ओंजळीत घेऊन हुंगल्या, एक चावून बघितली आणि पास केली. दूध, साखर पास. मग चॉकलेट पावडरचा मोठा डबा आला. त्याच्या मागचं बारीक छापलेलं मी चष्मा लावून वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत थांबले. बार्ली माल्ट. म्हणजे जव, मोड आणून भाजलेला. डॉक्टरांनी चार नावं सांगितली होती त्यातलं शेवटचं.

मी पुन्हा वाचलं. साताऱ्याच्या कोल्ड कॉफीतही हेच पडलं असणार. मला आनंद इतका झाला की काय सांगू. दोन वर्षं मी कॉफीवर रुसले होते आणि कॉफीनं काहीच केलेलं नव्हतं.

वैशालीबाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांच्याकडेही कोल्ड कॉफीत तीच पावडर पडायची. कुणी विचारलं तर त्या खुशाल नाही म्हणून सांगायच्या, कारण बिस्किट नाही म्हणजे गहू नाही, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांनी लगेच खडू घेतला आणि फळ्यावर लिहून टाकलं, कशात माल्ट आहे आणि कशात नाही. मग आम्हाला समजावून सांगितलं: नुसती कॉफी, पाण्यातली कॉफी, दुधाच्या फेसातली कॉफी, काही अडचण नाही. कोल्ड कॉफी हवी तर पावडरीशिवाय, आणि मिक्सरचं भांडं आधी धुवून. भांडं हौसाताईंनी दोनदा धुवून घेतलं. दुसऱ्यांदा त्या स्वतःच घासायला निघाल्या होत्या.

पहिल्या कपात फेसावर पान काढलेलं होतं. हौसाताई ते मोडेनात. मी माझं पान एका घोटात संपवलं. गरम फेस वरच्या ओठाला लागला, त्याखालून ती कडू कॉफी आली, आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, कारण हौसाताई माझ्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. दर पाच मिनिटांनी त्या विचारायच्या, काय हुतंय का? काही होत नव्हतं. अर्ध्या तासानं नाही, तासानंही नाही. मग आम्ही पावडरीशिवायची कोल्ड कॉफी प्यालो. मग वैशालीबाईंनी गूळ घातलेली एक करून दाखवली, ती प्यालो. गूळ कराडच्याच बाजूचा, काळसर. ती कॉफी कशी लागली हे मला शब्दांत सांगता येत नाही. हौसाताईंनी मात्र सांगितलं. त्या म्हणाल्या, सण असल्यागत लागती.

कराड ते सांगली

निघताना वैशालीबाईंनी गाडीत पाण्यासाठी ठेवलेल्या माझ्या थर्मासात काळी कॉफी भरून दिली. पण त्याआधीच आम्हाला कॉफी चढली होती. हौसाताईंना एवढ्या कॉफीची सवय नव्हती आणि माझी सुटली होती. त्या सलग बोलत होत्या. लग्नानंतर दोन वर्षं त्या सुभेदारांबरोबर जबलपूरला राहिल्या होत्या. तिथं शेजारच्या मद्रासी बाईनं त्यांना फिल्टर कॉफी करायला शिकवलं होतं. गावी आल्यावर त्यांनी एकदा केली तर सासू म्हणाली, घरात जळका वास कशाचा येतोय. तेव्हापासून केली नव्हती. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली.

पेठनाक्याच्या अलीकडे एक रसवंती दिसली. तोंडात गोड काहीतरी हवं होतं म्हणून थांबलो. टोपीवाल्या म्हाताऱ्यानं दोन ग्लास रस समोर ठेवला, तेवढ्यात हौसाताईंनी त्यालाही विचारलं, ह्यात गहू हाय का. म्हाताऱ्यानं चरकाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आवं, ऊस हाय ह्यो," तो म्हणाला.

कुणाच्या डोक्यात ते पहिल्यांदा आलं ते आता आठवत नाही. मी म्हणते हौसाताईंच्या, त्या म्हणतात माझ्या. थर्मासातली काळी कॉफी आम्ही त्या रसात ओतली. म्हातारा म्हणाला, रस नासवला तुमी. रंग डबक्यातल्या पाण्यासारखा झाला होता हे खरं. वर लिंबू पिळलं, बर्फ घातला आणि मी डोळे मिटून घोट घेतला. आधी हिरवा गोड ऊस, मग आलं, आणि सगळ्यात शेवटी कॉफी, जिभेच्या मागच्या टोकाला. मी ग्लास हौसाताईंकडे दिला. त्यांनी अर्धा संपवून म्हाताऱ्याकडे दिला. तो नको नको म्हणाला, चाखला, आणि मग आपला वेगळा ग्लास भरून घेऊन थर्मासाखाली धरला. आम्ही निघालो तेव्हा तो बायकोला फोन करून हे सांगत होता.

सगळीकडे असं झालं नाही. आष्ट्यात एका दुकानात आम्ही शिरलो. हौसाताईंनी प्रश्न विचारला आणि काउंटरवरचा माणूस मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, काही नाही त्यात, प्या बिनधास्त. मी आदल्या दिवसापर्यंत एवढ्यावर गप्प बसले असते. मीच म्हटलं, डबा बघू द्या. तो म्हणाला, एवढं असेल तर घरीच प्यायची. हौसाताईंनी तोंड उघडायच्या आत मी बरं म्हणाले आणि दोघी बाहेर पडलो. कॉफी न पिता दुकानातून निघून येता येतं, हे मी तिथं शिकले.

सांगली, शनिवार ते सोमवार

गौरीच्या घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दार उघडून तिनं आमच्याकडे बघितलं. तिच्या सासूच्या पदरावर कॉफीचा डाग होता, माझ्या केसांत उसाचं चिपाड होतं आणि दोघी एकदम बोलत होतो. ती म्हणाली, तुम्ही दोघी आत या आणि आधी पाणी प्या.

रविवारी डोहाळजेवण छान झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं झालं. मी सांगणार आहे ती एकच गोष्ट. पंगतीत सुभेदारांच्या बहिणीनं आग्रहानं माझ्या ताटात करंजी ठेवली. हात सवयीनं पुढं गेला. तुकडा मोडायच्या आत पलीकडून हौसाताईंचा हात आला, त्यांनी करंजी उचलली, आपल्या ताटात ठेवली आणि नणंदेला म्हणाल्या, "त्यास्नी गहू चालत न्हाई. आमच्यात सगळ्यास्नी म्हाईत हाय." खरं म्हणजे त्या क्षणापर्यंत गौरी आणि आम्ही दोघी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. पण पुढच्या पाच मिनिटांत पंगतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत कळलं, आणि आभाळ कोसळलं नाही. एकीनं मला आपल्या मामेबहिणीचंही असंच असल्याचं सांगितलं. दुसरीनं तांदळाच्या पिठाच्या करंजीची कृती सांगितली. माझ्या ताटात भाताचा दुसरा मोठा ढीग पडला.

सोमवारी सकाळी परत निघायच्या आधी हौसाताई म्हणाल्या की एकदा शेवटची. नदीच्या बाजूला एका बाईंचं कॉफीचं दुकान आहे, चार टेबलांचं. एव्हाना माझाही संकोच गेला होता. मी विचारलं, डबे बघितले, भांडं धुवून मागितलं, आणि मागं उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, दोन मिनिटं लागतील. तो म्हणाला, लागू देत. यादीत हळद घातलेली दुधाची कॉफी होती. हौसाताईंना त्याचं फार नवल वाटलं. खोकला झाल्यावर प्यायचं दूध, त्यात कॉफी घालून ही माणसं काचेच्या ग्लासात देतात. त्यांनी तीच मागवली.

त्या दुकानात नाव लिहून घेऊन हाक मारायची पद्धत होती. नाव काय, असं विचारल्यावर हौसाताई घुटमळल्या. गावात त्या कुणाच्या वहिनी, कुणाच्या काकू, फार तर सुभेदारीणबाई. मी विहीणबाई म्हणते. गौरी आई म्हणते. शेवटी त्यांनी नुसतंच सांगितलं, हौसा.

आम्ही काचेजवळ बसलो होतो. दोनदा हाक आली, त्यांच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या वेळी काउंटरच्या बाईंनी जरा मोठ्यानं "हौसा" म्हटलं, तशा त्या शाळेत हजेरी द्यावी तशा ताडकन उभ्या राहिल्या आणि "जी" म्हणाल्या. बाजूच्या टेबलावरची माणसं हसली, त्याही हसल्या. मग ग्लास घेऊन आल्या आणि तो पुढ्यात ठेवून बसल्या.

"माज्या माहेरी आता नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पिवळ्या फेसात बोट बुडवून चव घेतली. "चांगली लागती की."

ग्लास संपल्यावर त्या म्हणाल्या, आता तुमच्या नावानं मागवा. मला आणखी कॉफी नको होती, तीन तास गाडी चालवायची होती. तरी उठले. बाईंनी नाव विचारलं, मी सुमन सांगितलं, बिनपावडरीची सांगितली, आणि परत येऊन बसले. बाहेर नदीवरून गार वारा येत होता. मी आवराआवर करत होते, किल्ली शोधत होते, त्यामुळे हाक आली ती मला ऐकूच आली नाही.

हौसाताईंनी माझ्या दंडावर थाप मारली.

"सुमे, ऊठ की," त्या म्हणाल्या. "तुजी कॉफी झाली."